अंजिराला इरलं

माझ्या अंगणात अंजिराचं एक झाड आहे आणि मी त्याला ‘आमची बाग’ म्हणतो. घोटीत भाताची चांगली दहा खाचरं असलेला माणूससुद्धा ‘थोडंफार रान आहे’ म्हणून गप्प बसतो. पण मी निवृत्त शिक्षक. जन्मभर मराठी शिकवलं, त्यातला अतिशयोक्ती अलंकार तेवढा अंगात मुरला.

झाड लावलं ते मेव्हण्यामुळे. तो न्यू जर्सीत, एडिसनला असतो. बर्फाच्या मुलखात अंजीर पिकवतो आणि ते खातानाचे फोटो आम्हाला पाठवतो. ही विद्या तिकडे इटलीहून गेलेल्या मंडळींची. पारा उणे दहा-बाराच्या खाली गेला की अंजिराच्या फांद्या मरतात. म्हणून पानगळ झाली की फांद्या दोरीनं आवळायच्या, भोवती गोणपाट, जुनी ब्लँकेटं, सुका पालापाचोळा, वरून ताडपत्री आणि शेंड्यावर पालथी बादली. पहिला फोटो बघून बायको म्हणाली, “अगं बाई, हे कोण उभंय त्याच्या दारात?” काही जण तर एका बाजूची मुळं तोडून अख्खं झाड आडवं करतात, चरात निजवतात, वर माती ओढतात आणि वसंतात उकरून पुन्हा उभं करतात. कष्ट एवढे झाडाचे, आणि मिशीला पीळ मेव्हण्याच्या.

मी म्हटलं, आपल्याला काय अवघड? थंडी खरी निफाडला. तिथला पारा पाचाखाली उतरला की द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. आमची थंडी मफलरपुरती. शिवाय अंजीर काही इटलीच्या बापाचं नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मी सासवडहून रोप आणलं, ते एसटीत मांडीवर घेऊन, आणि घोटीत उतरल्यावर मुद्दाम बाजारपेठेतून वळसा घालून घरी आलो. दोघांनीच विचारलं. त्यातल्या एकाला ती भेंडी वाटली.

रोपवाल्यानं सांगितलं होतं, “मीठा बहार धरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटायचं, मार्च-एप्रिलला फळ. फक्त छाटणीआधी पाणी तोडा, झाडाला ताण बसू द्या.” पाणी तोडा! इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. इथे पाणी तोडायचा अर्ज कुणाकडे करायचा? जुलैत पानांच्या पाठीवर तांबेरा आला. बोट फिरवलं की विटकरी भुकटी. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मारलं. सकाळी मारलेलं दुपारी गटारीतून दारणेकडे निघालं. ऑगस्टात झाड उघडंबोडकं. मेव्हण्याला कळवलं तर तो म्हणतो, “भाऊजी, तुमच्याकडे बर्फ थोडाच आहे? फक्त पाऊस!”

फक्त पाऊस. हा माणूस घोटीत लहानाचा मोठा झाला आहे.

तेव्हा मला इरलं आठवलं. (इरल्यावर मी जरा जास्तच बोलतो. बायको अशा वेळी कुकर लावायला उठते.) बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मधे पळसाची पानं दाबून बसवलेली, डोक्यापासून पार कमरेखालपर्यंत. बांधायची गरज नाही, धरायची गरज नाही. छत्री ही एक हात रिकामा असलेल्या लोकांची चैन. आवणीला दोन्ही हात चिखलात, एकात रोपांची मूठ, दुसऱ्यानं लावणी. आणि खरी गंमत मापाची. ताठ उभं राहून इरलं घ्या, ते मागे लोंबतं आणि तुम्ही पुढून भिजता. ते वाकलेल्या पाठीच्या मापानंच विणलेलं असतं. दिवसभर वाकून राहणाऱ्या बाईला नीट बसेल असं वस्त्र दुसऱ्या कुणी शिवल्याचं मला ठाऊक नाही. आता सगळे प्लास्टिकचे कागद. वाऱ्याला फडफडतात, आत घामानं भिजवतात, पण स्वस्त पडतात.

आवणीच्या दिवसांत माझ्या वर्गात निम्म्या पोरी नसत. मी हजेरीपटावर लाल शाईनं रेघा ओढायचो. त्या कुठे आहेत ते वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं, खाचरात ओळीनं इरली हलत असत. पोरींचं तोंड दिसायचं नाही, नुसत्या पाठी. मग मी खिडकी लावून घ्यायचो, पाऊस आत येतो म्हणून.

इरलं विणणारी एक म्हातारी अजून आहे. तिची थोरली माझ्याच वर्गात होती, म्हणजे पटावर होती. “झाडाला इरलं?” म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. “माणसं घेईनात आता, गुरुजी.” पण विणून दिलं. पैसे घेईना. “फळ लागलं की द्या,” म्हणाली.

झाड ताठ, त्यामुळे इरलं त्याला बसेना. शेवटी खुंट्या ठोकून फांद्या दोरीनं खाली ओढल्या, झाडाला आवणीला लावल्यासारखं वाकवलं. येणारेजाणारे थांबून बघायचे. मी ‘इटालियन पद्धत’ एवढंच सांगायचो. पुढच्या पावसाळ्यात सगळी नाही, पण बरीच पानं तरली. ऑक्टोबरात छाटणी केली, आणि फेब्रुवारीत पानांच्या बेचक्यांतून हिरव्या गाठी दिसू लागल्या. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, झाडावरच पिकू द्यावं लागतं. हे मला माहीत होतं तसं बुलबुलांनाही माहीत होतं. मी खुर्ची टाकून राखणीला बसलो. निवृत्तीवेतनाचा याहून चांगला उपयोग शासनालाही सुचला नसता.

वाचलेल्यांतलं सर्वांत देखणं, देठाशी वाकलेलं, सालीला बारीक चिरा गेलेलं अंजीर फोटो काढून एडिसनला पाठवलं आणि मग बशीत घालून म्हातारीकडे नेलं. तिनं ते अर्ध्यात फोडलं, उजेडाकडे धरून आत निरखून बघितलं, खाल्लं. मी कौतुकाची वाट बघत उभा.

“गोड हाये,” ती म्हणाली. “पण उंबरच की हे, गुरुजी. किडं तेवढं न्हाईत.”

अंजीर आणि उंबर एकाच कुळातले. पुरंदरी अंजिराला फळ धरायला कीटक लागत नाही, उंबराला लागतो. म्हणजे म्हातारीचं दोन्ही बाबतींत बरोबर होतं. मी ते तिला सांगितलं नाही. बायकोनं मात्र तेवढ्यात मेव्हण्याला कळवलं होतं.