उजेडातले दिवे

कॅप्टननी खरं विमान कधीच चालवलेलं नाही. टेलिफोन खात्यात हयात घालवून निवृत्त झाल्यावर ते थर्माकोलची विमानं करू लागले, तेव्हा सोसायटीनं त्यांना ही बढती दिली. हौसेनं विमानं करणारे पुण्यात पुष्कळ आहेत. दिवे लावायला जागा हवी म्हणून विमान करणारे बहुधा हे एकटेच.

डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, यावर त्यांची नितांत श्रद्धा. रात्री लोहगावकडे निघालेलं विमान गच्चीवरून दिसलं की ते वॉचमनची परीक्षा घेतात. तोही आता तयार झालाय. “लाल उजव्या हाताला दिसतोय साहेब, म्हणजे तोंड आपल्याकडंच,” असं तंबाखू मळता मळता सांगतो.

हे दिवे हातातल्या रिमोटवरून लागले पाहिजेत आणि विझलेही पाहिजेत. असा स्विच बाजारात तयार मिळतो, पण हे त्यांना सांगू नये. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदारानं सांगितलं, तर १५० ओहमचे रेझिस्टर काउंटरवर तसेच टाकून ते शेजारच्या दुकानात गेले. “विकत काय, कुणीही आणेल!”

मग जेवणाच्या टेबलावर कारखाना थाटला जातो. फोडणीच्या वासात सोल्डरिंगचा धूर मिसळतो. कपाळावर भिंग, हातात चिमटा, चिमट्यात आठ पायांची इवलीशी चिप. समोरचा ऐकत असो वा जेवत असो, प्रवचन चालू : “रिसीव्हर सेकंदाला ५० वेळा खूण पाठवतो. खूण १ मिलिसेकंदाची आली तर विझ, २ ची आली तर लाग. चिप फक्त खुणेची लांबी मोजते. दिव्यांचा भार ट्रान्झिस्टर उचलतो.”

सीमा आधी बरोबर दीडवर ठेवली होती. खूण दीडच्या अलीकडे-पलीकडे थरथरली की दिवे झटका आल्यासारखे फडफडायचे. मग त्यांनी लागायला १.६ आणि विझायला १.४ अशी फारकत केली.

“कळलं का? तुझ्या काकूचं कसं, एवढ्याशा कारणावरून भडकते. पण तेवढंच कारण दूर केलं म्हणून शांत होत नाही. आपल्याला बरंच खाली यावं लागतं.”

“अहो, आधी ती सळई उचला पोळ्यांच्या डब्यावरून,” काकू म्हणाल्या. कॅप्टन १.४ च्या खाली आले.

रविवारी सकाळी मैदानावर लख्ख ऊन असतं. त्या आभाळात विमानच जेमतेम दिसतं, तिथं दिवे कुठले दिसायला? “लावले!” कॅप्टन पुकारतात. “विझवले!” आम्ही भाविकपणे माना डोलावतो. एका नास्तिकानं शंका काढली, तर त्यांनी विमान खाली उतरवलं, छत्रीखाली धरलं आणि त्याला उकिडवं बसवून दर्शन घडवलं.

अखेर त्यांनी संध्याकाळी उडवायचा हट्ट धरला. हट्ट अगदीच वेडा नव्हता. कातरवेळी एवढंसं विमान येतंय की जातंय ते कळत नाही. रंग दिसले तर कळतं. त्या दिवशी रंग उत्तम दिसत होते. कुठल्या बाजूला कलंडून ते उसात शिरतंय, हे आम्हा सगळ्यांना स्पष्ट कळलं.

पाचटातून वाट काढत लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याच्या रोखानं मी पोचलो. “कॅप्टन, पंख मोडलाय!”

“हिरवा चालू आहे ना?” बांधावरून आवाज आला. “थांब, विझवतो. विझला?”

“विझला.”

“आता?”

“लागला. अहो, पण पंख मधोमध मोडलाय!”

“पंखाचं काय घेऊन बसलास? तो विकत मिळतो!”