फर्नेस बिघडला असता भावोजींनी काय करावे

प्रस्तुत मार्गदर्शन मिशिगनमधल्या समस्त मराठी घरमालकांसाठी आहे. विशेषतः ज्यांनी पुण्यात मेकॅनिकल इंजिनीअरिंग केलं, डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांत उभी हयात काढली आणि थर्मोडायनॅमिक्सला डिस्टिंक्शन होतं हे जे अजूनही जेवताना सांगतात, त्यांच्यासाठी. आमच्या भावोजींशी कुणाचं साम्य आढळल्यास तो योगायोग समजू नये.

नियम पहिला. फर्नेस थंड पडल्यास पॅनेलला हात लावण्यापूर्वी घरातल्या माणसांची जबानी घ्यावी.

बेसमेंटच्या जिन्यात, दिव्याच्या बटणाशेजारी, दिव्याच्याच बटणासारखं आणखी एक बटण असतं. कुठे त्याची पट्टी लाल असते, कुठे तीही नसते. ते फर्नेसचं. आमची आई उन्हाळ्यात येते आणि हिवाळा बघूनच जाते. खालून तांदळाचा डबा घेऊन वर येताना तिने आयुष्यभराच्या सवयीने सगळी बटणं बंद केली. रात्री घर गारठलं. भावोजी मल्टीमीटर घेऊन खाली उतरले. ट्रान्सफॉर्मरचे 24 व्होल्ट येत नाहीत असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो बरोबरच होता. कंट्रोल बोर्ड गेला, असं त्यांनी जाहीर केलं. मेकॅनिक आला, जिना उतरता उतरता त्याने बटण वर केलं आणि फर्नेस घुरघुरू लागला. नुसतं येऊन बघून जाण्याचे शंभर ते दोनशे डॉलर जातात. रात्री किंवा शनिवार-रविवारी त्याहून जास्त. बिल वाचून भावोजींनी फक्त सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "वीज वाचवायला नको का?" जावई यावर काय बोलणार!

तेव्हा आधी बटण पाहावे. मग थर्मोस्टॅटचे सेल. मग पॅनेलचं दार नीट बसलंय का, कारण ते जरा जरी उघडं असलं तरी आतला स्विच फर्नेसला सुरूच होऊ देत नाही. एवढं फुकटात होतं.

नियम दुसरा. फिल्टर बदलावा. झटकू नये.

इथे मला चार शब्द मनापासून बोलायचे आहेत. एक इंच जाडीचा कागदी फिल्टर दर एक ते तीन महिन्यांनी टाकून द्यायचा असतो, आणि घरात रोज फोडणी होत असेल तर लवकरच. भावोजी तो व्हॅक्यूम करतात. मग उलटा करून बसवतात, म्हणजे "दुसरी बाजू वापरली जाते". फिल्टरवर बाण असतो हो! तो हवेच्या दिशेने, म्हणजे फर्नेसकडे रोखलेला असावा लागतो. एकदा ताई फारच रागावली, तेव्हा ते दुकानात गेले आणि सगळ्यात मोठा आकडा बघून मर्व्ह 13 घेऊन आले (मर्व्ह म्हणजे जाळीच्या बारकाईचा आकडा), जणू परीक्षेचे मार्कच. जाळी जितकी बारीक तितकी हवा अडते. सगळ्याच फर्नेसना ते झेपत नाही. हवा अडली की आतली भट्टी तापते, लिमिट स्विच गॅस तोडतो, घर अर्धवट गरम होतं आणि ब्लोअरची मोटर छाती फुटेस्तोवर फिरत राहते. ती मोटर बदलायला कित्येक शे डॉलर पडतात. नव्या प्रकारची असली तर हजाराच्याही वर. फिल्टर वीसेक डॉलरला मिळतो. हे गणित थर्मोडायनॅमिक्सशिवायही सुटतं.

नियम तिसरा. फर्नेस कसा चालतो हे जाणून घ्यावे, पण पाहुण्यांना सांगू नये.

भावोजी सांगतातच, तेव्हा इथेही घ्या. थर्मोस्टॅट ऊब मागतो. आधी एक छोटा पंखा फिरून आतली हवा बाहेर ओढतो आणि प्रेशर स्विच त्याची खात्री करतो. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅस सुटतो, ज्योत पेटते. ती खरंच पेटली का, हे बघायला एक पेन्सिलीहून बारीक धातूची काडी ज्योतीत उभी असते. तिच्यावर पुटं चढली की समोर ज्योत असूनही तिला ती कळत नाही. काही सेकंदांत गॅस बंद. फर्नेस पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा विझतो आणि शेवटी रुसून बसतो. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून पॅनेलच्या आत चिकटवलेला तक्ता पाहिला, तर रुसव्याचं कारण बहुधा कळतं.

ही काडी एका स्क्रूवर असते. वीज आणि गॅस बंद करून ती काढायची, बारीक स्टील वूलने पुसायची आणि परत लावायची. मेकॅनिक याचे दीड-दोनशे डॉलर घेतो, आणि त्यावरून भावोजींनी आजवर जितका संताप केला त्यावर एक छोटं घर गरम झालं असतं.

नियम चौथा. इग्नायटरला बोट लावू नये. का, ते विचारू नये. भावोजी सांगतील.

नियम पाचवा. थर्मोस्टॅटवरून भांडू नये.

भावोजी 65 फॅरनहाइटच्या वर काटा जाऊ देत नाहीत. ताई घरात शाल पांघरून, पायात मोजे घालून पोळ्या लाटते. 30 जानेवारी 2019 ला, कडाक्याच्या थंडीत, मॅकोम्ब काउंटीतल्या गॅस कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली. गॅस पुरेना. रात्री सगळ्यांचे मोबाइल किंचाळले: थर्मोस्टॅट 65 वर किंवा त्याखाली ठेवा. मोटार कंपन्यांनी काही कारखाने थांबवले. भावोजींना आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. तो संदेश त्यांनी पुण्यापर्यंत पाठवला.

पण त्याच आठवड्यात मेकॅनिकच्या फोनवर नुसती रांग लागलेली असताना हा माणूस स्टील वूल आणि पाव इंची नट ड्रायव्हर खिशात घालून मराठी घरं फिरत होता. कुणाची काडी पुसली. कुणाच्या भिंतीबाहेर आलेल्या फर्नेसच्या पांढऱ्या पाइपच्या तोंडावरचा बर्फ हाताने खरवडला, कारण तो पाइप बुजला की प्रेशर स्विच हटून बसतो. नव्याने आलेल्या एका जोडप्याचं तान्हं बाळ होतं, त्यांच्याकडे पहाटेपर्यंत बसले. पैसे घेतले नाहीत. व्याख्यान दिल्याशिवाय मात्र एकाही घरातून बाहेर पडले नाहीत.

नियम सहावा. दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हे सूत्राने ठरवावे.

धंद्यातलं सूत्र असं: फर्नेसचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च. उत्तर पाच हजारांच्या वर गेलं तर नवा घ्या. सोळा वर्षांचा फर्नेस आणि सहाशेची दुरुस्ती, म्हणजे 9600. नवा घ्या. भावोजींचा आक्षेप असा की 'डॉलर-वर्ष' हे कशाचंच परिमाण नाही, त्यामुळे सूत्र अशास्त्रीय. आक्षेप मान्य. फर्नेस तरीही पंधरा-वीस वर्षांत म्हाताराच होतो. नव्याला बसवण्यासकट चार ते आठ हजार लागतात, कधी त्याहून जास्त, म्हणून तीन ठिकाणांहून लेखी भाव घ्यावेत. वॉरंटीची नोंदणी मुदतीत करावी आणि ती सहसा सुट्या भागांची असते, मजुरीची नसते, हे आधीच वाचावे.

आणि "हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय" असं कुणी म्हणालं तर फोटो मागावा, दुसऱ्याला दाखवावं. पण तोवर फर्नेस बंद ठेवावा. त्या तड्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ डिटेक्टर हवाच. तो वाजला तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं, मग फोन. इथे भावोजीसुद्धा स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवतात.

नियम सातवा. बिल ताईने भरावे. भावोजी एकेक ओळ मोठ्याने वाचून शंका विचारू लागतात, आणि मेकॅनिक तासावर पैसे घेणारा असला तर पुढचा तास सुरू होतो.