दहापैकी साडेसात

गुणदाता चाहता म्हणजे ज्येष्ठ पॉप गीतकाराचा नवा सोलो अल्बम आला की त्यातल्या प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण देणारा, आणि त्या गुणांवरून उरलेल्या चाहत्यांशी आयुष्यभर भांडणारा रसिक. बॉब डिलन, पॉल सायमन, ब्रायन विल्सन अशा बहुतेक बुजुर्गांच्या वाट्याला ही जमात आलेली आहे. तिची सर्वांत दाट आणि सर्वांत भांडखोर वस्ती मात्र पॉल मॅकार्टनीभोवती आढळते. बीटल्स १९७० मध्ये फुटले. तेव्हापासून या गृहस्थाने एकट्याने, पत्नीबरोबर, बँडबरोबर आणि टोपणनावाने इतके अल्बम काढले आहेत की गुण देणाऱ्याला रिकामे बसायची वेळच आली नाही.

हा चाहता बहुधा पुरुष असतो आणि बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. लिव्हरपूलला ऑगस्टच्या अखेरीस भरणारा बीटल्स सप्ताह, अमेरिकेत १९७४ पासून चालू असलेले चाहत्यांचे संमेलन, जुन्या रेकॉर्डींचे दुकान आणि पबचा कोपरा ही त्याची नेहमीची ठिकाणे. तिथे तो एकटा क्वचितच दिसतो, कारण गुण द्यायला एक माणूस पुरत असला तरी ते चुकीचे ठरवायला दुसरा लागतो. बोलताना तो मॅकार्टनीला नुसते ‘पॉल’ म्हणतो. दोघांची ओळख नाही. तरीही पॉलने या वेळी काय करायला नको होते, हे सांगताना त्याचा सूर घरच्या थोरल्या माणसाचा असतो.

त्याचा पहिला वाद गाण्यांवर नसतोच. सोलो अल्बम कशाला म्हणायचे, इथूनच सुरुवात होते. १९७० चा ‘मॅकार्टनी’ सोलो, याबद्दल दुमत नाही. १९७१ चा ‘रॅम’ मात्र पॉल आणि लिंडा अशा दोघांच्या नावावर आहे. मग तो धरायचा की नाही? ‘बँड ऑन द रन’ त्यांच्या विंग्ज या बँडचा; पण लागोसला ध्वनिमुद्रणाला निघायच्या तोंडावर दोन वादक बँड सोडून गेल्यामुळे बहुतेक वाद्ये पॉलनेच वाजवली. मग तो अर्धा सोलो ठरतो का? ‘द फायरमन’ या नावाने काढलेले अल्बम कोणत्या रकान्यात घालायचे? आणि १९७७ मध्ये पर्सी थ्रिलिंग्टन या बनावट नावाने काढलेली ‘रॅम’ची वाद्यवृंदावरची आवृत्ती? हे प्रश्न सुटेपर्यंत बिअरचा दुसरा ग्लास संपलेला असतो आणि एकाही गाण्याचे नाव निघालेले नसते.

‘रॅम’चा उल्लेख निघाला की हा चाहता काहीसा ताठ बसतो. अल्बम आला तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ मासिकात जॉन लँडाऊ यांनी त्याची पार सालटी काढली होती. पुढे वारा फिरला आणि २०२० मध्ये त्याच मासिकाच्या सर्वोत्तम ५०० अल्बमांच्या यादीत ‘रॅम’ जाऊन बसला. आज असा गुणदाता शोधून सापडत नाही, ज्याला ‘रॅम’ पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. १९८५ मध्ये जन्मलेल्यांचाही यात समावेश होतो.

जातीचा खरा कस लागतो तो मात्र ‘केऑस अँड क्रिएशन इन द बॅकयार्ड’ या अल्बमवर. तो सप्टेंबर २००५ मध्ये आला तेव्हा मॅकार्टनी ६३ वर्षांचे होते. मुखपृष्ठावर त्यांचे धाकटे भाऊ माइक यांनी १९६२ मध्ये काढलेले छायाचित्र आहे: लिव्हरपूलच्या फोर्थलिन रोडवरच्या घराचे परसदार, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि गिटार घेऊन बसलेला विशीतला पॉल. अल्बम ऐकण्याआधी या कपड्यांवर काही काळ चर्चा होणे रीतीला धरून आहे.

अल्बमचा निर्माता होता नायजेल गॉडरिच, रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’मुळे नाव झालेला. त्याची शिफारस बीटल्सचे निर्माते दस्तुरखुद्द जॉर्ज मार्टिन यांनी केली होती. गॉडरिचने आल्या आल्या दोन कामे केली. पॉलच्या नेहमीच्या बँडला घरी पाठवून बहुतेक वाद्ये त्यांनाच वाजवायला लावली, आणि काही गाणी तोंडावर ‘आवडली नाहीत’ म्हणून परत केली. ही दुसरी गोष्ट चाहत्याला विलक्षण भावते. जॉन लेनननंतर पॉलला ‘नाही’ म्हणणारा कोणी उरला नाही, असे तो कित्येक वर्षे सांगत आला होता. गॉडरिचने ते काम पगारी केले. आपल्याला ते फुकट करायची तयारी असूनही कोणी बोलावले नाही, ही सल तो बोलून दाखवत नाही, पण ती असते.

गाणी तेरा. गुणदाता ती एका बैठकीत ऐकतो, पण त्या दिवशी गुण देत नाही. पहिल्या ऐकण्यात गुण देणारा उथळ मानला जातो. तिसऱ्या ऐकण्यानंतर वही निघते. ‘फाइन लाइन’ला साधारण साडेसात मिळतात: सुरुवातीला ठेवायला ठीक, पियानो दमदार, पण ‘एकेरी तबकडी म्हणून निवड चुकली’. कोणतीही निवड चुकलेली असते; कंपनीने त्याला विचारून निवड केली असती तर तो दुसऱ्याच दिवशी मत बदलून मोकळा झाला असता.

‘जेनी रेन’पाशी सभा गंभीर होते. मुख्यतः गिटारवरचे हे गाणे १९६८ च्या ‘ब्लॅकबर्ड’चे सख्खे भावंड आहे हे सर्वांना मान्य असते आणि भांडण नेमके तिथेच लागते. एका पक्षाच्या मते असे गाणे साठीनंतर पुन्हा सुचणे हा चमत्कार आहे, म्हणून नऊ. दुसऱ्याच्या मते हे आपल्याच जुन्या घरात केलेले घरफोडीचे काम आहे, म्हणून सात. तिसरा शांतपणे सांगतो की जेनी रेन ही डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ कादंबरीतली बाहुल्यांचे कपडे शिवणारी मुलगी. चौथा मधल्या तुकड्यात वाजणारे वाद्य कोणते ते विचारतो. ते आर्मेनियाचे दुदुक आहे हे त्याला ठाऊक असते; इतरांना ठाऊक आहे का, हे त्याला पाहायचे असते.

‘फ्रेंड्स टू गो’ लिहिताना आपण जॉर्ज हॅरिसनच झालो आहोत असे वाटत होते, असे मॅकार्टनींनी सांगितले आहे. हॅरिसन २००१ मध्ये गेले होते. ही माहिती कळण्याआधी गाण्याला सहा गुण देणारे लोक ती कळल्यावर आठ देतात आणि वहीतला जुना आकडा शाईने असा खोडतात की तो कोणाला वाचता येऊ नये. ‘टू मच रेन’चे मूळ चार्ली चॅप्लिनच्या ‘स्माइल’ या चालीत आहे, हे कळल्यावर मात्र गुण वाढत नाहीत. मृत मित्र आणि मृत विनोदवीर यांच्या बाबतीत एकच नियम का लागू नये, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

खरी लढाई ‘रायडिंग टू व्हॅनिटी फेअर’वर जुंपते. दुखावलेल्या मैत्रीचे हे संथ, काहीसे कडवट गाणे आहे. मुळात ते जलद लयीत होते, गॉडरिचला रुचले नाही आणि मग ते पुन्हा बांधले गेले. गाणे कोणावर लिहिले आहे हे कवीने सांगितलेले नाही, त्यामुळे ते सांगण्याची जबाबदारी चाहत्यांवर येऊन पडली आहे. प्रत्येकाचा एक संशयित असतो आणि प्रत्येकाकडे पुरावा असतो. वर्षानुवर्षे गोड बोलल्याबद्दल पॉलला बोल लावणारा चाहता इथे प्रथमच खूश होतो: अखेर हा माणूस चिडला. नऊ गुण. क्वचित साडेनऊ.

दहा मात्र नाहीत. दहा गुण हे बीटल्ससाठी राखून ठेवलेले असतात, आणि ‘बँडमधल्या त्या चार-पाच गाण्यांसाठी’ असे म्हणताना चाहत्याची नजर जरा वर जाते. त्याची गुणपद्धती बोर्डाच्या मराठीच्या पेपराची आठवण करून देते: निबंध कितीही उत्तम लिहिला तरी पूर्ण गुण देणे परीक्षकाच्या जिवावर येते. खालची बाजूही तितकीच पक्की असते. पाचाच्या खाली जायला त्याचा हात धजत नाही, कारण शेवटी गाणे पॉलचे आहे. दहाची मोजपट्टी अशा रीतीने प्रत्यक्षात पाच ते साडेनऊ एवढीच उरते, आणि एवढ्याशा जागेत तेरा गाणी बसवायची असल्याने दशांश चिन्हाचा आश्रय घ्यावा लागतो. सात पूर्णांक पंचाहत्तर शतांश आणि सात पूर्णांक आठ दशांश यांत काय फरक आहे, हे विचारणाऱ्याला संगीत कळत नाही असे समजण्याचा प्रघात आहे.

या जमातीच्या काही पोटजाती आहेत. गाण्यांचा क्रम बदलून स्वतःचा सुधारित अल्बम तयार करणारा सर्वांत उपद्रवी. तो ‘अ सर्टन सॉफ्टनेस’ काढतो, दुय्यम बाजूवर टाकून दिलेले ‘कम्फर्ट ऑफ लव्ह’ आत घेतो, ‘एनीवे’ शेवटीच ठेवतो (त्यात त्याला कर्टिस मेफिल्डची सावली दिसते) आणि हा अल्बम असा निघाला असता तर इतिहास वेगळा झाला असता, असे खालच्या आवाजात सांगतो. ब्रिटनमध्ये दहाव्या आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंतच अल्बम पोचला, याचे त्याच्याकडे हे स्पष्टीकरण असते. दुसरा जपानी आवृत्तीवाला. जपानात निघालेल्या तबकडीवर ‘शी इज सो ब्यूटिफुल’ हे एक जास्तीचे गाणे आहे, आणि ज्याच्याकडे ती तबकडी नाही त्याने अल्बम ऐकलेलाच नाही असे त्याचे मत असते. गाणे कसे आहे, असे विचारले तर तो ‘बरे आहे’ म्हणतो. तिसरा आवाजवाला. पुढच्या काळात पॉलचा आवाज थकला, याचे दुःख तो इतक्या बारकाईने वर्षवार सांगतो की कोणत्या मैफलीत कोणता सूर गेला हे त्याला घरातल्या वाढदिवसांपेक्षा चांगले आठवते. २०२० च्या ‘मॅकार्टनी ३’चे गुण त्याने आवाजासाठी कापले आणि वयासाठी परत दिले.

घरच्यांचे मत या विषयात घेतले जात नाही. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या व्यक्तीला ‘धिस नेव्हर हॅपन्ड बिफोर’ हे गाणे सगळ्यांत आवडते. त्यामुळेच गुणदाता त्याला साडेसहा देतो. पुढे २००६ मध्ये ते ‘द लेक हाउस’ या चित्रपटात आले, तेव्हा अर्धा गुण आणखी कमी झाला.

गुण स्थिर असतात असा बाहेरच्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. १९८० च्या ‘मॅकार्टनी २’मधले ‘टेम्पररी सेक्रेटरी’ हे सिंथेसायझरवरचे विचित्र गाणे कित्येक वर्षे थट्टेचा विषय होते. चांगले चाहते ते पाहुण्यांसमोर लावत नसत. मग तरुण डीजेंनी ते उचलले, आणि मे २०१५ मध्ये लंडनच्या ओ-टू सभागृहात मॅकार्टनींनी ते पहिल्यांदा मंचावर गायले. दुसऱ्या दिवसापासून ते काळाच्या पुढचे ठरले. वह्यांत चाराचे साडेआठ झाले. एरवी पाचाच्या खाली न जाणाऱ्या माणसाने मुळात चार दिले कधी होते, हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवण्यात आला.

यावरून या जमातीचे पोषण कशावर होते ते कळते. चांगली गाणी तिला पुरत नाहीत. चांगल्या गाण्यावर दोन माणसे फार तर दहा मिनिटे मान डोलवू शकतात. फसलेल्या गाण्यावर ती चाळीस वर्षे काढतात. बेडकांच्या समूहगानाचे ‘वी ऑल स्टँड टुगेदर’ १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले, त्यावर आजही मैत्र्या तुटतात. मॅकार्टनींनी प्रत्येक अल्बममध्ये एखादे तरी गाणे असे ठेवले आहे की ते का ठेवले, हे कोणालाच समजू नये. चाहत्यांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांनी हे मुद्दाम केले असेल, तर त्यांच्या दूरदृष्टीला खरोखर दहा गुण द्यायला हवेत.

‘केऑस अँड क्रिएशन’मध्ये ही जागा ‘इंग्लिश टी’कडे आहे. दोन मिनिटांहून थोडे मोठे, तंतुवाद्यांच्या साथीचे, बाग आणि चहापान यांच्याभोवती फिरणारे हे गाणे ऐकून अर्धे चाहते कपाळाला हात लावतात. त्यांच्या मते गॉडरिच त्या दिवशी रजेवर असावा. उरलेले अर्धे म्हणतात की ही स्वतःचीच खुशीत केलेली थट्टा आहे आणि ती कळायला विनोदबुद्धी लागते. यावर पहिला पक्ष जे बोलतो ते छापण्यासारखे नसते. गुण सरासरी सहाच्या आसपास राहतात आणि सुधारित अल्बम करणारे सगळ्यात आधी हेच गाणे काढून टाकतात.

अल्बमला त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमसाठी ग्रॅमी नामांकन मिळाले, पुरस्कार यू-टूने नेला. त्याच्या आधी, १२ नोव्हेंबर २००५ रोजी कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमच्या मैफलीतून मॅकार्टनींनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या दोन अंतराळवीरांसाठी दोन गाणी थेट गायली. एक होते बीटल्सचे ‘गुड डे सनशाइन’. दुसरे नव्या अल्बममधल्या तेरांपैकी निवडलेले ‘इंग्लिश टी’. अंतराळवीरांनी गुण दिले नाहीत. जमिनीवर त्याचे सहा कायम आहेत.