ओली टोपी आणि भाऊजी

"काय हो वहिनी, भाऊजी व्हरांड्यात ओली टोपी घालून बसलेत. बरं नाही का?"

"कसलं बरं नाही! उद्या रणगाड्यांच्या पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा मेळावा ना, म्हणून नवी बेरे आणलीय. कोमट पाण्यात बुडवायची, पिळायची, डोक्यावर चढवून उजवीकडे ओढायची. बिल्ला बरोबर डाव्या डोळ्याच्या वर यायला हवा. मग वाळेपर्यंत काढायची नाही. मानेवरून पाणी गळतंय, पण हलतील तर शपथ!"

"उन्हाला आडोसा नाही, कड नाही, रंग काळा. नगरच्या उन्हात डोकं शिजायचं की."

"कड असती तर रणगाड्यात बसता आलं असतं का? दुर्बिणीला डोळा लावला की कड आपटणार. कानावर यंत्र चढवायचं ते वेगळंच. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रणगाडेवाल्यांनी फ्रेंचांच्या डोंगरी पलटणीच्या बिनकडेच्या टोप्या पाहिल्या आणि १९२४ साली स्वतःसाठी मंजूर करून घेतल्या. काळ्या अशासाठी की वंगणाचे हात लागले तरी डाग दिसू नये."

"म्हणजे तो सगळा रुबाब मळखाऊपणाचा!"

"हळू बोला, ऐकतील ते. ह्यांनी इथल्या आर्मर्ड सेंटरमध्येच ट्रेनिंग घेतलंय. टँक म्युझियमला पाहुणे नेले, तर रणगाडे राहतात बाजूला, टोपीवरच तासभर भाषण."

"आणि तुमच्या भाच्याची तर लालसर होती?"

"तो पॅराशूटवाला, त्याची मरून. दोघं जेवायला बसले की कुणाची भारी यावर वाद. मी म्हटलं, दोघंही ब्रिगेडियर झाला असता तर भांडण मिटलं असतं. २०२३च्या ऑगस्टपासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सगळ्यांना एकसारखी टोपी, मग पलटण कुठलीही असो. दोघांनी मिळून मलाच गप्प केलं."

"नेव्हीवाल्यांच्याही पूर्वी गोल टोप्या असायच्या ना, फीत लावलेल्या?"

"हो, फितीवर जहाजाचं नाव. लढाई लागली की इंग्रज ते नाव काढून टाकायचे, शत्रूला कळू नये म्हणून. पण खरी गंमत त्या ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीची. मूळचा पायदळातला. १९४२ला अल अलामीनच्या लढाईत रणगाडेवाल्यांची काळी बेरे डोक्यावर चढवली आणि तिच्यावर दोन बिल्ले, एक त्यांचा, एक स्वतःच्या जनरलपदाचा. नियमात कुठे बसतं ते?"

"मग कुणी बोललं नाही?"

"जिंकला ना तो! आमच्या ह्यांचा एकच बिल्ला, तोही जरा तिरका झाला तर रिसालदारसाहेबांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या."