सहा टक्के दंड भरण्याची शास्त्रोक्त रीत

अमेरिकेत चाकरी करून पासष्टी ओलांडलेल्या, आणि सरकारदेणे सदैव वेळेवर चुकते केल्यामुळे दंड भरण्याच्या अनुभवास आजवर पारख्या राहिलेल्या सद्गृहस्थांच्या सोयीसाठी हा विधी येथे क्रमवार दिला आहे.

प्रथम साहित्य. हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट नावाचे, 2003 च्या मेडिकेअरविषयक कायद्यानेच जन्मास घातलेले खाते जवळ असावे. त्यात पैसा घालताना कर नाही, तो वाढताना नाही आणि औषधोपचारासाठी काढतानाही नाही. इतके औदार्य पाहून सुज्ञाच्या मनात जी शंका यावी, ती साधकाने येऊ देऊ नये.

द्वितीय, पासष्टीनंतरही नोकरी आणि हाय डिडक्टिबल विमा चालू ठेवून पगारातून वर्गणी परस्पर जमा होऊ द्यावी. मेडिकेअरमध्ये नाव नाही तोवर हे सर्वस्वी कायदेशीर असल्याने गाफील राहणे सुलभ जाते.

तृतीय आणि मुख्य क्रिया म्हणजे सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज करणे. त्यासरशी मेडिकेअरचा पार्ट ए न मागता पदरी पडतो, घेतलेले वेतन परत केल्याखेरीज तो नाकारता येत नाही, आणि त्याचा अंमल सहा महिन्यांपर्यंत, मात्र पासष्टीच्या अलीकडेच, मागे जातो. सदुसष्टाव्या वर्षी ऑक्टोबर 2025 मध्ये अर्ज करणाऱ्याच्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या कार्डावर तारीख पडते ती 1 एप्रिलची; म्हणजे ज्या महिन्यांत आपण निर्दोष होतो, त्याच महिन्यांत आपण अपात्र होतो, असे मागाहून जाहीर होते.

आता हिशेब. एकट्याच्या विम्यास 2025 ची मर्यादा 4,300 डॉलर, वयोपरत्वे वाढीव 1,000, एकूण 5,300. पात्र महिने तीन, म्हणून हक्क 1,325 डॉलरांचा. पूर्ण रक्कम भरलेली असल्यास 3,975 डॉलर जादा ठरतात. त्यांवरची करसवलत जाते आणि फॉर्म 5329 वर सहा टक्क्यांप्रमाणे 238 डॉलर 50 सेंट दंड नोंदवावा लागतो. जादा रक्कम खात्यात राहील तितकी वर्षे हा दंड नव्याने आकारला जात असल्यामुळे साधकास नित्यनेमाची कधी उणीव भासत नाही.

दुर्बल मनाच्या मंडळींना एक पळवाटही ठेवलेली आहे : विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी जादा रक्कम तिच्यावरील उत्पन्नासह काढून घेतल्यास हा दंड टळतो, केवळ प्राप्तिकर उरतो. खात्यातील जुनी शिल्लक जप्त होत नाही. तिच्यातून पार्ट बीचा हप्ता करमुक्त भरता येतो, मेडिगॅपचा मात्र नाही.

आणि ज्यांना हा विधी मुळीच करावयाचा नाही, त्यांनी निवृत्तिवेतनाचा अर्ज करण्यापूर्वी सहा महिने आपली व मालकाची दोन्ही वर्गण्या बंद करण्याविषयी पगारखात्यास लेखी कळवावे.