डोळा लागला होता जी

माझ्या सहीला शेपूट आहे. बँकेतल्या नमुन्यात ते सापडणार नाही. दुपारी जेवणानंतर केलेल्या सह्यांनाच ते फुटतं. शेवटचं अक्षर संपलं की पेनाने थांबायला हवं. ते थांबत नाही. उतारावर सुटलेल्या बंडीसारखं कागदाच्या कोपऱ्याकडे घरंगळत जातं आणि कधी कधी टेबलाच्या काचेवर चार बोटं पुढे जाऊन उभं राहतं. अशा कितीतरी सह्या आजवर वरच्या कचेरीत गेल्या. विचारणा एकदाही झाली नाही. वरच्यांच्या सह्याही मी पाहिल्या आहेत.

मी कोरपन्यात एका कचेरीत कारकून आहे. कुठल्या ते विचारू नका. दुपारच्या वेळी सगळ्या सारख्याच. चंद्रपूर जिल्ह्याच्या या कोपऱ्यात जमिनीच्या वर कापूस, तूर, सोयाबीन आणि खाली चुनखडी. त्यामुळे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा अशी सिमेंटची धुराडी उभी राहिली. त्यांच्या भट्ट्यांत १४५० अंशांच्या आसपास चुनखडी भाजली जाते, आणि भट्टी एकदा पेटली की तीन पाळ्यांत रात्रंदिवस जागी असते. तालुक्यात झोपतं कोण, तर आम्ही. मे महिन्यात पारा ४५च्या वर चढला की आम्हालाही भट्टीच्याच रांगेत लावल्यासारखं वाटतं. मग कुलर येतो. वाळ्याचा ओला वास, पाण्याची टिपटिप आणि पंख्याची एकसुरी घरघर. पाळण्यात आणि यात फरक इतकाच, की पाळण्यातल्याला पगार नसतो.

नोकरी लागली तेव्हा आई गावभर सांगत फिरली, "पोराले बसून काम हाये." जन्मभर उन्हात वाकून कापूस वेचलेल्या बाईला बसण्याहून मोठं सुख कुठलं दिसणार? मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे बसून बसून एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या भाषेत जे जे बसतं, त्याचं काही खरं नसतं. घसा बसतो. धंदा बसतो. पावसात भिंत बसते. दंड बसतो, धक्का बसतो, भुर्दंड बसतो, आणि कापसाचा भाव पडला की अख्खं गाव कपाळाला हात लावून खाली बसतं. गणपती बसतात, असं तुम्ही म्हणाल. पण दहाव्या दिवशी त्यांनाही उठावंच लागतं. राहिली पहिलवानाची बैठक. तीही नीट पाहा. खाली बसून पुन्हा उभं राहिलं, की एक बैठक धरतात. आम्ही कारकुनांनी त्यातली पहिली अर्धी तेवढी उचलली.

अडीचच्या झोपेचं खापर मी बरीच वर्षं डब्यावर फोडलं. भाकर, वांग्याची भाजी, तुरीचं घट्ट वरण, भात. गोळाभात असला तर पाहायलाच नको. म्हणून एकदा एकादशी धरली. साबुदाण्याची खिचडी, भगर, वर शेंगदाण्याची आमटी. त्या दिवशी अडीचची झोप पावणेदोनलाच आली. नंतर कुठेतरी वाचलं, की दोष एकट्या डब्याचा नाही. शरीराच्या घड्याळातच दुपारी एक खळगा असतो. माणूस उपाशी असला तरी त्यात उतरतो. जेवण त्याला मागून जरा ढकलतं. हे वाचून मला फार बरं वाटलं आणि एकादशी सुटली.

जुन्यांना हा खळगा ठाऊक होता. जेवणानंतर डाव्या कुशीवर लवंडण्याला त्यांनी वामकुक्षी असं सोवळं नाव देऊन ठेवलं. त्या नावाखाली झोपलेल्याला आळशी म्हणायची कुणाची छाती होत नाही. समर्थांनी तर दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर अख्खा समास लिहिला. झोपेत हाका मारणारे, बोंबलत उठणारे, असे एकेक नमुने त्यांनी टिपले आहेत. खुर्चीत ताठ बसून, हातात पेन धरून, समोरच्याला 'हूं, हूं' म्हणत झोपणारा नमुना मात्र त्यात नाही. तो पुढच्या राज्यकर्त्यांनी घडवला.

अमेरिकेत नासावाल्यांनी लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर एक प्रयोग केला होता. पाळीपाळीने ४० मिनिटं डोळे मिटायची मुभा दिली. ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा पुढे जास्त तरतरीत राहिले. आपल्याकडे २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हा कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली आणि जेवायला एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास. मी हिशेब मांडला. अर्ध्या तासातून नासाची २६ मिनिटं वजा केली की भाकरीला चार उरतात. भाकर चार मिनिटांत संपवता येते, मी संपवून पाहिली आहे. वरण अडचण करतं.

जागं राहण्याचा इथला खरा उपाय म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घालून पानठेलेवाला तळहाताखाली घोट घोट घोटतो. रात्री सिमेंट भरून निघालेला ट्रकवाला त्याच्यावर आदिलाबादचा रस्ता काढतो आणि दिवसा कारकून त्याच्यावर फाइल काढतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा डोळ्यांसमोर घोटून मिळत राहिला. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथवाले दारू आणि तंबाखूच्या मागे लागले आहेत, आणि त्या तंबाखूत गावोगाव पहिला मान खर्ऱ्याचाच आहे. मीही सहा महिने चघळला. झोप उडते, खोटं कशाला बोलू? पण गाल भरलेला असल्यामुळे समोरच्याशी बोलता येत नाही. म्हणजे जागे असून नसल्यासारखे. दर दहा मिनिटांनी उठून खिडकीशी जाणं, एवढाच काय तो व्यायाम, आणि त्या व्यायामाच्या खुणा कचेरीच्या भिंतीवर तुम्ही पाहिल्याच असतील.

शेजारच्या टेबलावरच्या भाऊंनी वीस वर्षं खर्रा खाल्ला. सुपारीने गालाची आतली कातडी हळूहळू आवळत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. आता त्यांच्या तोंडात दोन बोटं जात नाहीत. भाकर ते कुस्करून खातात. एका दुपारी मी त्यांच्याकडे पाहत होतो. डोळे पाणावले, नाकपुड्या फुलल्या, मान मागे गेली, आणि सगळं तिथेच अडलं. जांभई त्यांना अजून येते, देता मात्र येत नाही. त्या दिवशी माझी पन्नी टोपलीत गेली.

चहा चालू आहे. चहाही काही साधा नाही म्हणा. तो झोप घालवत नाही, नुसती दारात अडवून धरतो, आणि पाच-सहा तासांनीसुद्धा त्यातली निम्मी तरतरी अंगात शिल्लक असते. संध्याकाळी सहाला साहेबांबरोबर घेतलेला चहा मला रात्री बारापर्यंत छताचे वासे मोजायला लावतो आणि दुसऱ्या दिवशी अडीचला वसुलीला येतो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. राजुरा, गडचांदूर, कोरपना, अशा फेऱ्या करत त्यांनी नोकरी उभ्याने काढली. कंडक्टरला दिलेली सीट ही त्यांच्या मते तिकिटांची पेटी ठेवण्यासाठी होती. गर्दीत एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर हात टाकत ते मागच्या बाकापर्यंत जात आणि परत येत. त्यांच्या गाडीवरचे ड्रायव्हरकाका तेवढाच वेळ बसलेले. निवृत्तीच्या फोटोत दोघे शेजारी शेजारी उभे आहेत. वडिलांच्या पट्ट्याला शेवटची दोन भोकं घरी खिळ्याने पाडलेली, आणि काकांच्या शर्टाचं मधलं बटण प्राणपणाने लढणारं.

हाच फोटो लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी फार मोठा करून काढला. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर जिना चढत-उतरत असलेला. १९५३ साली मॉरिस यांनी दाखवून दिलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झाला तरी तितका जीवघेणा नसतो. टपालखात्यातही तेच निघालं. दारोदार पत्रं टाकणारा पोस्टमन बरा आणि बसून काम करणारा कारकून वाईट. पुढे १९५६ साली या माणसाने गणवेशांची मापं काढून पाहिली, तर ड्रायव्हरांची कंबर तरुण वयातच कंडक्टरांपेक्षा मोठी होती. म्हणजे खुर्ची पोट वाढवते, की पोटच आपल्यासाठी खुर्ची शोधत येतं? शास्त्रज्ञांनी यावर पुढे पुष्कळ काथ्याकूट केला. माझ्यापुरता निकाल आईने लावलेला आहे. "लहानपणी वावरात चाल म्हटलं का तू ओसरीवर बसे," ती म्हणते.

एक गोष्ट मात्र खरी. कारकुनालाही पूर्वी त्याचा जिना होता. जुनी नोंद हवी असली की उठायचं, अभिलेखाच्या खोलीत जायचं, शिडी लावायची, लाल फडक्यात बांधलेले बस्ते एकावर एक खाली उतरवायचे. फडकं सोडलं की धूळ, आणि धुळीपाठोपाठ शिंका. दोन शिंकांत झोप तेलंगणात. आता नोंद पडद्यावर येते. हाताचं एक बोट हललं की काम झालं, आणि सर्व्हर बसला (पाहा, तोही बसतो) की तेवढंही हलत नाही. पडद्यावर ते चक्र फिरू लागतं, गोल, गोल, गोल. त्याच्या तिसऱ्या फेरीपुढे मी आजवर गेलेलो नाही.

मागच्या मार्चात, मोह पडायच्या दिवसांत, मी असाच तिसऱ्या फेरीत गेलो. डोळे उघडले तेव्हा भिंतीवर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. समोरच्या बाकावर एक म्हातारा बसला होता. पायात टायरच्या चपला, मांडीवर घडी घातलेला दुपट्टा, त्याच्यावर कागदांची पिशवी. माणिकगड पहाडाच्या पायथ्याकडचं गाव. मी घसा खाकरला.

"कधी आले, बाबा?"

"झाला जी थोडा वेळ."

"मग आवाज का नाही दिला?"

"तुमचा डोळा लागला होता जी. म्हनलं, रातची झोप झाली नसन. राहू द्या."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. विचारल्यावर कळलं, की तो पहाटे तीनला मोह वेचायला उठला होता, उजाडल्यावर टोपली घरी टाकून सडकेपर्यंत पायी आला होता आणि मिळेल त्या गाडीने इथे पोचला होता. काम वारसाच्या नोंदीच्या नकलेचं. सर्व्हर उठला होता; दहा मिनिटांत नक्कल हातात पडली. शेपूट नसलेली सही, त्या वेळची पहिली. त्याची परतीची गाडी तीनची होती.

साहेबांना सांगून मी मोटारसायकल काढली. गाव सोडल्यावर पहिल्या वळणावर पाठीला काहीतरी टेकलं. आधी वाटलं पिशवी. मग मानेशी संथ, उबदार श्वास लागला. म्हाताऱ्याचा डोळा लागला होता. एका हाताने त्याचे दोन्ही हात माझ्या पोटाशी धरले, गाडी बैलाच्या चालीवर आणली आणि खड्डा न् खड्डा चुकवत निघालो. समोरून सिमेंटचे ट्रक धूळ उडवत येत होते, डोक्यावर ऊन होतं, पोटात गोळाभात होता. वेळ बरोबर माझ्या खळग्याची. पण त्या तासाभरात मला एक जांभई आली नाही. फाट्याशी पळसाच्या सावलीत गाडी थांबवली, तरी त्याला लगेच उठवलं नाही. मीही थोडा वेळ तसाच बसून राहिलो. बसणं मला जमतं.

त्यानंतर मी टेबल फिरवून दाराकडे तोंड करून घेतलं. शाईचं पॅड आणि शिक्का पलीकडच्या भिंतीशी कपाटात ठेवतो. जाऊन-येऊन बावीस पावलं. कुलरमध्ये पाणी मीच भरतो, दुपारी सव्वादोनला, चार बादल्या. शिपायाची जागा रिकामी आहे, त्यामुळे कुणाच्या पोटावर पाय येत नाही. एवढं करूनही खळगा आहे तिथेच आहे. मार्चएंडला, निवडणुकीच्या याद्यांच्या दिवसांत, कधी पावसाळी ढग दाटले असताना मी अजूनही त्यात जातो.

तेव्हा कामासाठी आलात, घड्याळात अडीच वाजलेले दिसले आणि माझ्या हातातलं पेन कोपऱ्याकडे निघालेलं दिसलं, तर बाकावर बसून राहू नका. टेबलावर काच आहे, ती नाण्याने वाजवा. आवाज चांगला येतो. आणि परतीची गाडी किती वाजताची आहे, ते आधी सांगा.