विकतची हरळी

हरळी शेतात उगवली तर वैरीण आणि बंगल्यापुढं पसरली तर लॉन, असा आमच्या हिंगोली जिल्ह्याचा कायदा आहे. आमच्या आबांचं उभं आयुष्य हळदीच्या रानातून हरळीच्या काशा खणण्यात गेलं. त्यामुळं शहरातल्या घरापुढं मी चौरस फुटाच्या भावानं बर्म्युडा ग्रास अंथरलं, तेव्हा आबा वाकले, एक काडी तोडून दातात धरली आणि म्हणाले, "आरं, ही तर हरळी हाय. इकत कामून आणली? ट्रॅक्टर भरून धाडली असती की. वर खणायची मजुरीबी मीच दिली असती!"

वनस्पतिशास्त्र आबांच्या बाजूनं आहे. बर्म्युडा म्हणजे हरळीच. पण आमच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये रीतसर भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हरळीला दुकानदारानं स्वतःच्या अधिकारात थेट परदेशी मानांकन देऊन टाकलं. मानांकनाचे पैसे आपण द्यायचे असतात.

श्रावणात या परदेशी पाहुणीवर पिवळे डाग पडले. मग कॉलनी जागी झाली. समोरचे निवृत्त सर म्हणाले, "पाणी कमी पडतंय." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "पाणी जास्त होतंय." सौभाग्यवतींनी गल्लीतल्या कुत्र्यावर संशय घेतला. कुत्र्याच्या मुतानं गवत जळतं हे खरं असल्यानं तो संशय निदान शास्त्रीय होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मी "लॉन" एवढंच म्हणालो, तर पुढचं वाक्य होईपर्यंत बाटली पिशवीत गेलेली. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, आपल्याच जिल्ह्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. पण आपला विश्वास बसतो तो किडीचं नाव न विचारता औषध देणाऱ्यावर.

संशयितांची यादी रोज वाढू लागली. वाणी दिसली, तिला आरोपी केलं. कापूस-सोयाबीनची कोवळी रोपं ती कुरतडते, हे तिच्या नावावर आहेच. पण लॉनमध्ये तिचा मुख्य आहार कुजका पालापाचोळा, आणि सहाहून अधिक पाय असल्यामुळं कीटकांच्या खात्यात तिची नोंदसुद्धा होत नाही. गांडुळांनी मातीच्या गोळ्या वर टाकल्या, तर त्यांनाही धरलं. जमीन फुकट भुसभुशीत करून देणाऱ्याला आपण किडा म्हणतो, हीच त्याची मजुरी. पानं खाणाऱ्या अळीवरही संशय होता. म्हणून बादलीभर पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण कालवून डागाच्या कडेला ओतला. अळ्या असत्या तर काही मिनिटांत चरफडत वर आल्या असत्या. कुणी आलं नाही.

साळुंक्या मात्र रोज सकाळी नेमक्या पिवळ्या डागावर चोची मारत होत्या. आबांनी कुणालाच काही विचारलं नाही. त्यांनी डागातलं गवत मुठीत धरून ओढलं. ते मुळांशिवायच हातात आलं. मग खुरप्यानं चार बोटं माती उकरली. आत पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात मुडपून झोपलेली मंडळी! "हुमणी," आबा म्हणाले. "हळदीत हीच, उसात हीच, सोयाबीनमदी हीच. तिला बंगल्याचा काय पत्ता?" आणि थोडं थांबून, "इमा भरलास का ह्याचा?"

हुमणीचं वेळापत्रक सरकारी नाही, त्यामुळं ते पाळलं जातं. पहिला दमदार पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे मातीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. आमच्या फाटकावरचा कडुनिंब म्हणजे त्यांचं मंगल कार्यालय. जेवणावळही तिथंच. उजाडायच्या आत सगळे परत मातीत. माद्या तिथंच अंडी घालतात आणि अळ्या पावसाळाभर मुळं खातात. पुढं कोष, मग भुंगेरा, आणि तो पुढच्या पावसापर्यंत जमिनीत गपगार. वर्षाला एकच पिढी, पण एकही वर्ष चुकवत नाही.

सौभाग्यवतींनी विचारलं, "पण ही आपल्याकडंच कशी आली?" कच्च्या शेणखतातूनही हुमणी येते, आणि खताची पोती त्यांच्याच माहेरून आलेली. मी उत्तर न देता संसार वाचवला.

लॉन म्हणजे उत्पन्न नसलेली शेती, हा माझा ठाम निष्कर्ष आहे. तरी ज्यांना ती करायचीच आहे, त्यांच्यासाठी आबांची आणि शास्त्राची शिफारस एकच. आधी खुरपं, मग बाटली. फूटभर जागा उकरून अळ्या मोजा. एकदोन निघाल्या तर धडधाकट गवत सोसतं. दहाच्या घरात निघाल्या तर वेचा आणि मेटारायझियम बुरशी ओल्या मातीत संध्याकाळी द्या. अळ्या लहान असतानाच द्या, कारण मोठ्या झाल्या की त्या कुणाचं ऐकत नाहीत. शेणखत पुरतं कुजलेलंच घाला. आणि पुढच्या मृगात पहिल्या पावसाच्या संध्याकाळी कॉलनीतल्या सगळ्यांनी मिळून कडुनिंब हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. एकट्यानं हलवून उपयोग नाही. शेजाऱ्याच्या झाडावरचा भुंगेरा कुंपण मानत नाही.